गोव्यात आरोग्यक्षेत्रात शिकायचंय? मग निकालाची वाट बघू नका

बारावीचा निकाल लागला की आमच्या हायर सेकंडरीत पालकांची रीघ लागते. प्रश्न ठरलेला असतो: "सर, आमच्या चलयेक मेडिकलाक मेळटलें मू?" (आमच्या मुलीला मेडिकलला मिळेल ना?) तोवर बरंच काही होऊन गेलेलं असतं. जातीचा दाखला जुना झालेला, आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेच्या अर्जात प्रवर्ग चुकलेला. आणि मुलीला रक्त बघून घेरी येते, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून हे सगळं दहावी-अकरावीतल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी लिहितोय. बारावीवाल्यांनी कागदपत्रांपासून वाचायला घेतलं तरी चालेल.

गोव्यात या बाबतीत जी सोय आहे तीच गैरसोयही आहे: इथे सगळं लहान आहे. एमबीबीएसचं सरकारी महाविद्यालय एकच, आपलं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. १८४२ साली पोर्तुगीजांनी पणजीत सुरू केलेली वैद्यकीय शाळा ती हीच, आता बांबोळीच्या पठारावर. तिथेच दंत महाविद्यालय, नर्सिंगची सरकारी संस्था आणि मनोरुग्णांचं इस्पितळ. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयातून होतात. जागा मोजक्या, त्यामुळे एखाद्या मार्कानेही फरक पडतो. पण चौकशीसाठी दहा शहरं पालथी घालावी लागत नाहीत. सकाळी वाळपईहून निघालेला माणूस बांबोळी आणि पर्वरी दोन्ही उरकून संध्याकाळी घरी पोचतो. या लहानपणाचा फायदा घ्यायचा असेल तर लवकर सुरुवात करायला हवी.

आधी काम बघा

डॉक्टर व्हायचंय म्हणणाऱ्या बहुतेक मुलांनी डॉक्टरला पाहिलेलं असतं ते दहा मिनिटं, तेही स्वतः पेशंट म्हणून. नर्स, फार्मासिस्ट, एक्स-रे टेक्निशियन दिवसभर काय करतात हे तर कुणी पाहिलेलंच नसतं. म्हणून दहावीनंतरच्या सुट्टीत शाळेचं पत्र घेऊन जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा. आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा आणि लसीकरणाच्या दिवशी किंवा पल्स पोलिओच्या बूथवर मदतीला आलो तर चालेल का, असं सरळ विचारा. परवानगीशिवाय वॉर्डात घुटमळू नका आणि मोबाईल खिशातच ठेवा. कुणाही पेशंटचा फोटो काढायचा नाही, ही या क्षेत्रातली पहिली शिस्त.

लसीकरणाच्या टेबलाशी एक सकाळ काढा. सिस्टर व्हॅक्सिन कॅरिअरमधून कुपी काढते आणि आधी तिच्यावरचा गोल बघते. गोलातला चौकोन बाहेरच्या रंगाइतका गडद झाला असेल तर ती लस वापरत नाही, कारण लसीला उष्णता लागलेली असते. कुपी उघडली की तिच्यावर तारीख-वेळ लिहिते. बाळाचं कार्ड तपासते, आईला मांडी कशी धरायची ते दाखवते, सुई टोचते, नोंद करते, पुढची तारीख सांगते आणि अर्धा तास बाहेर बसायला लावते. मग पुढचं बाळ, पुन्हा तेच, गोल बघण्यापासून. हे बघून कंटाळा आला तर वेळीच विचार करा. आरोग्यक्षेत्रातलं निम्मं काम असंच असतं: तेच तेच, न चुकता, आणि त्याची लेखी नोंद. टीव्हीवरच्या ऑपरेशन थिएटरवरून व्यवसाय निवडणाऱ्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

घेरीचं म्हणाल तर ती पहिल्यांदा बऱ्याच जणांना येते आणि सवयीने जाते. तेवढ्यावरून बेत बदलायची गरज नाही.

अकरावीचे विषय

भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र तर हवंच. त्यासोबत गणित झेपत असेल तर तेही ठेवा, म्हणजे पुढे मन बदललं तरी वाट मोकळी राहते. बारावीला जीवशास्त्र नव्हतं म्हणून कायमचं दार बंद झालं, असं आता नाही. २०२३ पासून हा विषय नंतर अतिरिक्त म्हणून देऊनही नीटला बसता येतं. एमबीबीएससाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण व्हायला हवीत.

सत्तरी, पेडणे, डिचोलीकडची जी मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून पाचवीपासून इंग्रजीत गेली, त्यांना अकरावीचं जीवशास्त्र जड जातं. विषय अवघड असतो असं नाही, वाक्यं लांब असतात. रोज एक पान मोठ्याने वाचा आणि ते मिटून स्वतःच्या शब्दांत, मराठीत का होईना, कुणाला तरी समजावून सांगा. महागड्या नोट्सपेक्षा याचा फायदा झालेला मी जास्त पाहिला आहे.

कागदपत्रं

इथे थोडं थांबा, कारण मार्क असूनही प्रवेश अडतो तो इथे.

पहिली गोष्ट नाव. आपल्याकडे जन्माच्या नोंदी पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगमध्ये सापडतात. नाईकचा शेवट कुठे 'के'ने होतो, कुठे 'क्यू यू ई'ने. प्रभुदेसाई कुठे एक शब्द, कुठे दोन, कुठे एक 'एस', कुठे दोन. वडिलांचं नाव एका कागदावर मधे, दुसऱ्यावर गायब. घरच्यांना यात काही वावगं वाटत नाही, पण संगणकाला ती दोन वेगळी माणसं वाटतात. जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि वडिलांचा दाखला शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. आधारमधली चूक लवकर दुरुस्त होते. दहावीच्या प्रमाणपत्रातली चूक बोर्डाकडे शाळेमार्फत जाते आणि वेळ खाते. खरोखरच नाव किंवा आडनाव बदलायचं असेल तर त्यासाठी गोव्यात १९९० चा वेगळा कायदा आहे. ते काम अकरावीतच हाती घ्या. नीटचा अर्ज समोर असताना ते होत नाही.

दुसरी गोष्ट रहिवासी दाखला. तो मामलेदार कार्यालयातून मिळतो. किती वर्षांचं वास्तव्य लागतं आणि वडिलांची बदली झाली असेल तर काय सवलत आहे, हे संचालनालयाच्या प्रॉस्पेक्टसमध्ये लिहिलेलं असतं. त्या वर्षीचंच प्रॉस्पेक्टस वाचा, मागच्या वर्षी शेजाऱ्याने आणलेलं नको.

तिसरी गोष्ट प्रवर्ग, आणि यात सगळ्यात मोठी फसगत होते. राज्यातल्या जागांसाठी गोव्याच्या यादीप्रमाणे प्रवर्ग चालतो. पण देशपातळीवरून भरल्या जाणाऱ्या १५ टक्के जागांसाठी इतर मागासवर्गीयांची केंद्राची यादी बघतात, आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रीमी लेअरचा लागतो. राज्याच्या यादीत आहोत म्हणजे केंद्राच्या यादीत असूच, असं धरून चालू नका. ही तपासणी अर्ज भरण्याआधी करा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला तर दर आर्थिक वर्षी नवा काढावा लागतो. एप्रिल उजाडला की मामलेदाराकडे जा. जून-जुलैत तिथे कशी गर्दी असते ते वेगळं सांगायला नको.

सगळे मूळ कागद एका फाईलमध्ये, स्कॅन केलेल्या प्रती ईमेलवर, आणि पासपोर्ट फोटो एकाच वेळी भरपूर काढून ठेवलेले. नीटच्या अर्जावर असतो तोच फोटो पुढे प्रवेशाच्या कागदांवरही मागतात.

नीट

एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी या सगळ्यांना नीट लागते. नर्सिंग, फार्मसी आणि अलाईड हेल्थच्या (एक्स-रे, लॅब, फिजिओथेरपी वगैरे) प्रवेशाला कुठल्या परीक्षेचे गुण धरणार, ते त्या वर्षीच्या प्रॉस्पेक्टसमध्ये बघा. माझा सल्ला असा, की या क्षेत्रात यायचं नक्की असेल तर नीट द्याच. एका अर्जात जास्तीत जास्त वाटा खुल्या राहतात.

२०२५ च्या नमुन्यात १८० प्रश्न, ७२० गुण आणि तीन तास होते. भौतिक ४५, रसायन ४५ आणि जीवशास्त्र ९०, म्हणजे अर्धे गुण एकट्या जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. यातून अभ्यासाचा क्रम आपोआप ठरतो: एनसीईआरटीचं जीवशास्त्र चित्रांखालच्या मजकुरासकट, रसायनही त्याच पुस्तकांतून, आणि भौतिकशास्त्रात रोज थोडी का होईना गणितं. कोटा किंवा पुण्याला पाठवायचं की नाही, हा प्रत्येक घराचा निर्णय. पण घरापासून लांब गेल्यावर कोमेजणारी मुलं असतात. आपलं मूल तसं आहे का, हे क्लासच्या जाहिरातीवरून कळत नाही.

परीक्षा साधारण मेच्या पहिल्या रविवारी, दुपारी दोनला, ऐन उकाड्यात. दीडला गेट बंद होतं म्हणजे होतंच. रविवारी बसगाड्या कमी असतात, त्यामुळे काणकोण किंवा केरीच्या मुलाने आदल्या दिवशीच केंद्राजवळच्या नातेवाइकाकडे मुक्काम करावा. अर्ध्या बाह्यांचे हलके कपडे, पायात चप्पल, दागिने घरी. पेन तिथेच देतात.

मार्क कमी पडले तर आणखी एक वर्ष थांबायचं का? एकदा थांबायला हरकत नाही, तेही कशात कमी पडलो हे नेमकं सांगता येत असेल तर. दुसऱ्यांदा थांबणाऱ्या मुलाला मी आधी दुसऱ्या एखाद्या अभ्यासक्रमाला नाव घालायला लावतो.

फेऱ्या

इथे दोन रांगा एकाच वेळी चालतात. देशपातळीवरच्या १५ टक्के जागांची फेरी दिल्लीची समिती ऑनलाईन घेते, उरलेल्या ८५ टक्क्यांची आपलं संचालनालय. दोन्हीकडे वेगळा अर्ज करावा लागतो. नीट दिली म्हणजे नाव आपोआप पर्वरीला पोचलं, असं समजून घरी बसलेली मुलं दरवर्षी भेटतात.

देशपातळीवर पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर दंड नसतो. दुसऱ्या फेरीपासून अनामत रक्कम जाते आणि नंतरच्या फेऱ्यांत नियम आणखी कडक होत जातात. बाहेरच्या राज्यात प्रवेश घेतला की मूळ कागद तिथे अडकतात. इकडे गोव्यात बरी जागा मिळाली तर ते सोडवून आणायला हाताशी दोन-तीन दिवसच असतात. म्हणून पसंतीक्रम भरताना, मिळाली तर खरंच जाणार आहोत का, हा प्रश्न घरात आधी मिटवा.

या फेऱ्या लांबत लांबत चवथीच्या तोंडावर येतात. घरात गणपतीवर माटोळी बांधायची गडबड चालू असली तरी कुणीतरी एकाने रोज संकेतस्थळ बघायचं, हे ठरवून टाका.

फीचं म्हणाल तर सरकारी महाविद्यालयांची फी खासगीच्या मानाने फारच कमी. तरीही गरज पडली तर गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. बँकेच्या दारात जाण्याआधी तिची चौकशी करा. आणि एखादा एजंट 'नीटमध्ये कमी गुण असले तरी परदेशात एमबीबीएस' म्हणत घरी आला तर त्याला तीन प्रश्न विचारा: शिक्षण किमान ५४ महिन्यांचं आहे का, इंग्रजीतून आहे का, आणि वर्षभराची इंटर्नशिप तिथेच होते का. २०२१ च्या नियमांनुसार ही तिन्ही उत्तरं 'हो' हवीत. त्यावर नीटची पात्रता लागतेच, आणि परत आल्यावरची पात्रता परीक्षाही चुकत नाही.

एमबीबीएसच्या पलीकडे

आपल्या घरांमध्ये 'मेडिकल मिळालं नाही' हे वाक्य कुणी गेल्यासारखं बोललं जातं. इस्पितळ मात्र डॉक्टरांच्या कितीतरी पट माणसांवर चालतं.

नर्सिंगचा बीएस्सी चार वर्षांचा, जीएनएम हा डिप्लोमा तीन वर्षांचा. दोन्हीत नोकरी आहे, पण पुढे शिकवायचं किंवा परदेशी जायचं मनात असेल तर पदवीच करा. बांबोळीची सरकारी संस्था पहिली पसंती असावी. खासगी संस्थेत जाणार असाल तर भारतीय आणि गोवा नर्सिंग कौन्सिलची मान्यता चालू वर्षाची आहे का, आणि मुलं वॉर्डचा अनुभव कुठल्या इस्पितळात घेतात, हे विचारा. स्वतःचं इस्पितळ नाही आणि कुठे पाठवतात ते नीट सांगत नाहीत, अशा ठिकाणी इमारत कितीही चकचकीत असली तरी जाऊ नका. मुलगेही नर्सिंग करतात. लग्नाच्या बाजारात काय होईल, असं विचारणाऱ्या मामाला पगाराची पावती दाखवावी.

फार्मसीचं गोव्यात वेगळंच महत्त्व आहे. वेर्णा, कुंडई, पिळर्ण इथल्या औद्योगिक वसाहतींत औषधांचे मोठे कारखाने आहेत. सिप्ला, ल्युपिन ही नावं तर रस्त्यावरूनच दिसतात. त्यामुळे इथल्या बी.फार्मवाल्याला दुकानाच्या काउंटरपलीकडेही पर्याय मिळतात: उत्पादन, गुणवत्ता तपासणी, नोंदींचं काम. पणजीचं सरकारी फार्मसी महाविद्यालय आणि फर्मागुडीचं बांदेकर महाविद्यालय, ही दोन नावं लक्षात ठेवा. कारखान्यातही शिफ्ट असतातच, आणि लसीच्या टेबलावर पाहिलेली नोंदींची काटेकोर शिस्त तिथे दहापट असते.

अलाईड हेल्थकडे लोक अजून संशयाने बघतात. एक्स-रे, भूल, ऑपरेशन थिएटर, लॅब, डायलिसिस, फिजिओथेरपी यांतल्या प्रशिक्षित माणसांशिवाय मोठं इस्पितळ एक दिवस चालणार नाही. या व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला, त्यामुळे नोंदणी आणि मान्यता यांना आता वजन आले आहे. म्हणूनच सहा महिन्यांत 'लॅब टेक्निशियन' बनवणाऱ्या गल्लीबोळातल्या वर्गांपासून चार हात लांब राहा.

आयुर्वेदासाठी शिरोड्याचं गोमंतक आयुर्वेद महाविद्यालय आहे, होमिओपॅथीचं महाविद्यालयही शिरोड्यातच. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेची शाखा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. आयुर्वेदाला जायचं तर आयुर्वेद करायला जा. मागच्या दाराने ॲलोपॅथी करू, या बेताने गेलेले पुढे ना इकडचे राहतात ना तिकडचे.

आत शिरल्यावर

प्रवेश पक्का झाला की हिपॅटायटिस बीच्या लसीचं बघा. पहिला डोस, महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. वॉर्डात पाय ठेवण्याआधी हे सुरू झालेलं असावं. हा खबरदारीचा सल्ला नर्सिंग, दंत, लॅब, सगळ्यांनाच लागू.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला चारच प्रयत्न मिळतात आणि पूर्ण अभ्यासक्रम नऊ वर्षांत आटपावा लागतो. हजेरी थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के. बारावीत गावात पहिला आलेला मुलगा इथे पहिल्या चाचणीत काठावर पास होतो आणि खचतो. वर्गातला जवळजवळ प्रत्येक जण आपल्या शाळेत पहिला आलेला असतो, हे त्याच्या ध्यानात यायला दिवाळी उजाडते.

भाषेची भीती बाळगू नका. व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, इंग्रजीत असतो, पण ओपीडीतला पेशंट कोकणीत बोलतो, सावंतवाडी-दोडामार्गहून आलेली आजी मालवणीत, आणि कारवारकडचा माणूस कोकणी-कन्नड मिसळून. मराठी घरातल्या मुलाला यातलं बरंचसं न शिकता समजतं. शहरी इंग्रजी फाडफाड बोलणारा वर्गमित्र 'कधीपासून दुखतंय' विचारताना अडखळतो, तेव्हा आपण पुढे व्हायचं.

नोंदणी आणि नोकरी

पदवी हातात आली तरी नोंदणीशिवाय काम करता येत नाही. डॉक्टरांसाठी गोवा मेडिकल कौन्सिल, नर्सेससाठी नर्सिंग कौन्सिल, फार्मासिस्टसाठी फार्मसी कौन्सिल. नोंदणीचं नूतनीकरण कधी करायचं ती तारीख मोबाईलमध्ये घालून ठेवा.

सरकारी नोकरीसाठी रोजगार विनिमय केंद्रातलं कार्ड, १५ वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणीचं ज्ञान लागतं. मराठीचं ज्ञान 'इष्ट' म्हणून जाहिरातीत असतं. त्यावर वाद घालायला आयुष्य पडलंय, मुलाखतीच्या दिवशी कोकणीत बोला. वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदं लोकसेवा आयोग भरतो. बाकीच्या जाहिराती आरोग्य खातं, गोमेकॉ आणि कर्मचारी निवड आयोगाच्या नावाने वर्तमानपत्रात येतात. म्हापशाचं आझिलो इस्पितळ, मडगावचं जिल्हा इस्पितळ, फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ इथे कंत्राटी पदंही निघतात. कंत्राटी म्हणून नाक मुरडू नका. अनुभवाचा दाखला पुढे कामी येतो, फक्त तो नोकरी सोडायच्या दिवशीच, सही-शिक्क्यासह मागून घ्या.

परदेशी जाण्याचा विचार असलेल्या नर्सेसनी इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस किंवा ओईटी, आणि त्या देशाची नर्सिंग परीक्षा यांची तयारी नोकरी करता करताच सुरू करावी. अमेरिकेला एनसीएलईएक्स लागते, ब्रिटनला आधी संगणकावरची चाचणी आणि मग तिथे गेल्यावर प्रात्यक्षिक. निघण्याआधी विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे गुणांच्या अधिकृत तपशिलाच्या, एकाऐवजी चार-पाच सीलबंद प्रती काढून घ्या. लंडनमध्ये बसून विद्यापीठाच्या ताळगावच्या कचेरीतून कागद मिळवायचा म्हणजे घरच्या कुणाला तरी अर्धी रजा टाकून तिथे उभं राहावं लागतं.